बाहेर जायची परवानगी

२० ऑक्टोबर, सोमवार

चेली म्हणते, लाल टिकली दाबायची आणि बोलत सुटायचं. तारीखवार मोबाईलच टाकतो. दाबली बाई टिकली. आता ती माझ्याकडे डोळा वटारून बघतेय.

मी तोमासा. सेवेरोची बायको होते, आता त्याची विधवा आहे, आणि गेल्या आठवड्यापासून माझ्याच नातीची विद्यार्थिनी आहे. लिहिता-वाचता मला येत नाही. कधी आलं नाही, त्यावाचून काही अडलंही नाही. पण चेलीचं अडलंय. ती वाहाका शहरात पदवीच्या पुढचं शिकते. ज्यांची बोली इंग्रजी नाही त्यांना इंग्रजी कसं शिकवावं, हे शिकते. म्हणजे शिकवायला शिकते. मी विचारलं, "मग तुला शिकवणाऱ्यांना हे कोणी शिकवलं?" तर म्हणाली, "आजी, तू वर्गात असले प्रश्न विचारू नकोस."

शेवटच्या वर्षात खऱ्या माणसांचा वर्ग घ्यावा लागतो. निदान दहा माणसं हवीत. आमच्या गावात इंग्रजी हवं असणारी नऊच निघाली, सगळ्यांची मुलं-नातवंडं सरहद्दीपलीकडे, लॉस एंजेलिसला. दहावी मी, बाक भरायला. शहरातून रेबेका मॅडम दोनदा बघायला येणार. दुसऱ्यांदा त्यांना जे दिसेल त्यावर चेलीची पदवी ठरणार. शिवाय प्रत्येकाने रोजनिशी ठेवायची, आपण कसे शिकलो त्याची. चेलीच्या प्रबंधाला ती लागते. बाकीचे लिहितात, मी बोलते, आपल्या झापोतेक बोलीत. परीक्षा होईपर्यंत ऐकणार नाही अशी शपथ चेलीने वेदीवरच्या संतासमोर घेतलीय. बघू, संत किती लक्ष ठेवतो.

आज गिरणीवर रांगेत फिदेन्सिया पुन्हा सुरू झाली. "माझ्या मुलाने तिकडे घर घेतलं, घरामागे झाड आहे, झाडाला लिंबं आहेत..." मी म्हटलं, "घरं होतात गं. माणसं परत येत नाहीत. माझी चेली बघ, कायमची परत आली. आता इथेच राहणार." सगळ्या रांगेने माना वळवल्या. मका दळून होईपर्यंत मला कसं गारगार वाटत होतं.

चेली तसं काही म्हणालेली नाही. पण म्हणेल. तिची आई तिकडे गेली तेव्हा "दोन वर्षांत येते" म्हणून गेली, चेली माझ्या कडेवर होती. ही तशी नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मला हा विषय पटत नाही. स्वच्छ सांगते.

वर्ग आमच्या स्वयंपाकघरात भरतो, दुसरी जागा नाही. एरवी चुलीपाशी "आजी, मीठ दे" म्हणणारी पोरगी वर्ग सुरू झाला की त्याच चुलीपाशी माझ्याकडे बघून परक्यासारखी हसते आणि हातवारे करते. आपल्या बोलीत बोलायचं नाही, असा मॅडमचा नियम. धुराने सगळे खोकतात. खोकला मात्र झापोतेकमध्येच येतो.

मग ती अंडं उचलून दाखवते आणि विचारते, हे काय? तिला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे. कोंबडीलाही ठाऊक आहे. मी म्हटलं, "तुझे डोळे बिघडले का गं?" जेवताना रागावली. "आजी, उत्तर विद्यार्थ्याच्या तोंडून काढून घ्यायचं असतं. तशी पद्धत आहे."

"मग सरळ सांग ना, अंडं म्हण म्हणून. म्हणते."

आज तिने जोड्या लावल्या. एकीला एक गोष्ट माहीत असते, दुसरीला नसते, ती विचारून काढायची. माझी जोडी फिदेन्सियाशी. मी विचारायचं, तुला भाऊ किती? अहो, तिच्या प्रत्येक भावाच्या बारशाला मी जेवलेय. मी विचारलंच नाही. सगळे भाऊ मीच सांगून टाकले, पळून गेलेला धरून.

फिदेन्सिया उसळली. "तो पळाला नाही. कामाला गेला."

"दुसऱ्याच्या बायकोला घेऊन?"

वर्गात असा दंगा झाला की कोंबड्या अंगणात पळाल्या. चेली डोकं धरून बसली. ज्यांनी हा खेळ शोधला, त्यांच्या गावात लोक एकमेकांना ओळखत नसणार. बिचारे.

आणि एक वाक्य तिने माझ्यामागे लावलंय. 'टीचर, मे आय गो आउट?' बाहेर जायचं तर हात वर करून, उभं राहून हे म्हणायचं. माझ्या स्वयंपाकघरातून माझ्या अंगणात जायला मी हिची परवानगी मागायची? जिचं ढुंगण मी धुतलं तिची? घेवडा उतू जात होता, मी उठले आणि गेले.

"आजी, एवढं एकच वाक्य शिक. मॅडमना हेच बघायचं असतं. विद्यार्थ्याला खरी गरज पडली आणि त्याने आपणहून इंग्रजी वापरलं, असं दिसायला हवं."

"मला गरज पडत नाही. मला पाय आहेत."

४ नोव्हेंबर, मंगळवार

मृतांचा सण झाला. सेवेरोच्या तसबिरीपुढचे झेंडू काढले, त्याच्या वाटणीचा पाव कडक झाला होता तो कॉफीत बुडवून खाल्ला. चेली दिवसभर कागदांत. प्रबंधात म्हणे आधी इतरांनी काय लिहिलंय ते लिहायचं, मग आपलं.

"आणि आपलं काही नसलं तर?"

"तर इतरांचं जास्त लिहायचं, आजी."

धुराचं काहीतरी करायला हवं. गावच्या कचेरीशेजारची खोली रिकामी असते. मी म्हटलं, गावसभेत माग. पण उभी राहून माग, आजोबांचं नाव घे, थोरल्यांना आधी नमस्कार, मग गावाचे आभार, मग मागणं. तिची झापोतेक शहरात जरा बोथट झालीय, ती मी घासून दिली. दोन दिवस चुलीपाशी भाषण घोकून घेतलं. मधेच तिने हात वर केला, "आजी, मे आय गो आउट?" मी म्हटलं, "आधी भाषण." या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच मी टीचर झाले. बरं वाटतं. म्हणून तर त्या शहरातल्या बायका हे काम सोडत नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार

हसू की रडू.

चेली असं बोलली, असं बोलली की मागच्या बाकांवर फिदेन्सियाने माझा हात दाबला. खोली लगेच मिळाली. मी मान वर करून बसले होते.

खाली बसते न बसते तोच त्याच सभेत नव्या वर्षाची पदं नेमायला सुरुवात झाली. नोव्हेंबरच्या सभेत नेमतातच. म्हणून तर शहाणी माणसं त्या दिवशी खांबामागे बसतात, टोपी डोळ्यांवर ओढतात, खोकलासुद्धा गिळतात. जो उभा राहून बोलला तो सगळ्यांच्या नजरेत भरतो, आणि नजरेत भरला की गेला. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. चेली लहानपणीच शहरात शाळेला गेली, तिला ठाऊक नाही. आणि मी विसरले, कारण माझ्या काळी बायकांकडे कोणी बघतच नव्हतं.

एक म्हातारा उठला. "सेवेरोची ही नात नीट बोलते. तोपिल एक कमी पडतोय. हिलाच घ्या." सगळे हात वर.

तोपिल म्हणजे सगळ्यांत खालचं पद. कितीही शिकलेला असो, सुरुवात तिथूनच. पगार नाही. वर्षभर, एक आठवडा कामाचा, एक मोकळा. कामाच्या आठवड्यात काठी घेऊन कचेरीपाशी राहायचं, निरोप न्यायचे, झाडायचं, दारुड्यांना उचलून कोठडीत टाकायचं. घंटा वाजली की ती थांबायच्या आत हजर.

चेली उठून म्हणाली, "पण माझी परीक्षा आहे. जानेवारीपासून मला शहरातही जावं लागेल."

"अभिनंदन," म्हातारा म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार

गावच्या अध्यक्षाकडे, अबुंदिओकडे गेले. लहानपणी त्याचं नाक मी पुसलंय, म्हणून जरा जोरात बोलायची मुभा आहे.

"अबुंदिओ, पोरीला सोड."

"आजी, वर झालेले हात खाली कसे घेऊ? शिकणारी पोरं शहरात असतात तोवर आम्ही सोडतोच की. पण ही तर कायमची आलीय ना?"

"कोण म्हणतं?"

"सगळी गिरणी म्हणते!"

बघा. या गावात एखाद्याच्या तोंडाला झाकण असेल तर शपथ. कोणी उठवली असेल ही वावडी? माझा संशय फिदेन्सियावर. आजपासून तिला माझ्या परसातली एक मिरची द्यायची नाही.

"ती नाही म्हणाली तर?" मी विचारलं.

"तर घराचं नाव गावाच्या यादीतून जाईल. पाण्याची पाळी जाईल." मग तो खाली बघून म्हणाला, "आणि दफनभूमीतली सेवेरोशेजारची जागा... ती नावावरच असते, आजी."

मी म्हणायला हवं होतं, की ती राहणार नाही, उन्हाळ्यात जाणार आहे. ओठांपर्यंत आलं होतं. पण काय झालं कोण जाणे, तोंडातून निघालं, "तुझ्या चुलीवर काहीतरी करपतंय." आणि मी घरी आले.

चेलीला सांगितलं. ती म्हणाली, शिक्षण एक वर्ष थांबवावं तर तेही नाही. शिष्यवृत्ती जाते, आणि तो अभ्यासक्रमच या तुकडीनंतर बंद होणार आहे. "आजी, मी नाही म्हणून सांगते. आपण दोघी शहरात राहू. माझी खोली आहे."

"आणि कोंबड्या? ग्रंथालयात ठेवू?"

ती हसली नाही. म्हणाली, "तुला आजोबांपासून दूर पुरायला लावू का मी?" आणि भांडी घासायला गेली. ती आधीच घासलेली होती.

९ डिसेंबर, मंगळवार

रेबेका मॅडम पहिल्यांदा येऊन गेल्या. काटकुळी बाई, बिनसाखरेची कॉफी पिते, बोलते गोड. नव्या खोलीत मागे बसून लिहीत होती. आम्ही सगळे शहाण्यासारखे वागलो. चेलीने अंडं दाखवलं, आम्ही सगळ्यांनी एका सुरात अंडं म्हटलं. चित्रातली छत्री दाखवली, एका सुरात छत्री म्हटली. प्रार्थनेसारखं छान वाटत होतं.

मग खिडकीतून धुकं उतरताना दिसलं. अंगणात माझा मका वाळत होता. मी उठले, गेले.

जाताना मॅडमनी चेलीला सांगितलं, आणि चेलीने मला. वर्ग पाठ म्हणतो, बोलत नाही. कोणी स्वतःच्या गरजेने एक वाक्य काढत नाही. पुढच्या वेळी असंच दिसलं तर सही करता येणार नाही.

"माझ्या मक्यामुळे?"

"नाही, आजी. मला शिकवता येत नाही म्हणून."

मला असा राग आला! अंडं तर तिने बरोबर दाखवलं होतं.

१ जानेवारी, गुरुवार

काठ्या बदलल्या. चेलीने पांढरा सदरा घातला होता, गळ्यात फुलांचा हार. जुन्या तोपिलाने काठी तिच्या हातात दिली तेव्हा तिने ती आधी कपाळाला लावली. हे तिला मी शिकवलं नव्हतं. तीच ओकची काठी, सेवेरोनेही पहिल्या वर्षी हीच धरली होती. मी डोळे पुसले. मी फिदेन्सियाला म्हटलं, धुपाचा धूर फार आहे. धूप अजून पेटवलाही नव्हता.

आणि हो, सेवेरोने काठी धरली म्हणजे काय केलं? धरली. त्या वर्षी सगळ्या तोपिलांना भाकऱ्या कोणी घातल्या? तो घंटा वाजवणारा झाला, कोशाध्यक्ष झाला, शेवटी थोरल्यांत बसला. प्रत्येक पदाला दळण माझं. हे सहज सांगितलं. रोजनिशीत काय सांगायचं आणि काय नाही, ते चेलीने नीट सांगितलेलं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

कामाच्या आठवड्यात चेली काठी खोलीतल्या खिळ्याला टांगून वर्ग घेते. कचेरी शेजारीच, म्हणून चालतं. आज वर्ग चालू असताना घंटा झाली. चेलीचं वाक्य अर्धं होतं. तिने ते पूर्ण केलं. पोचली तेव्हा घंटा थांबली होती.

नियम म्हणजे नियम. संध्याकाळपर्यंत कोठडी. मी भाकऱ्या घेऊन गेले तर बाई मांडीवर प्रबंध घेऊन बसलेली. पलीकडच्या कोठडीत कान्दिदो, गावचा नेहमीचा दारुडा, गजांना धरून म्हणाला, "तोमासा आजी, हिला सांगा ना हळू वाचायला. तिकडच्या इंग्रजीने माझी उतरायला लागली."

अबुंदिओने मला बाजूला घेतलं. "आजी, पुन्हा चुकली तर माझा इलाज नाही. नाव जाईल."

मोकळ्या आठवड्यात मंगळवारी-गुरुवारी शहरात वर्ग, इथे वर्ग, झाडलोट, प्रबंध. पोरीचे डोळे आत गेलेत. मी तिला म्हटलं, मी धरते काठी. तर म्हणाली, साठीनंतर सेवेतून सूट असते, गाव तुला हात लावू देणार नाही. मी विचारलं, सूट? कोणी दिली? कधी दिली? मला कोणी सांगायलाही आलं नव्हतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमनी दुसरी भेट बदलली. चेलीच्या मोकळ्या आठवड्यात येणार होत्या, आता या मंगळवारी येतात. म्हणजे काठीच्या आठवड्यात. त्यांना शहरात परिषद आहे म्हणे. मोठी माणसं जमून, लहान माणसांना कसं शिकवावं यावर बोलणार.

काठीच्या आठवड्यात शहरातल्या वर्गाला चेलीला सुटी असते, तेवढी कृपा. दुसऱ्या तोपिलाला विचारलं, आठवडा बदलून घे. नाही म्हणाला, ज्याच्या नावाची काठी त्याची. अबुंदिओला विचारलं, मंगळवारी घंटा वाजवू नकोस. तो म्हणाला, "आजी, आग विचारून लागते का?"

मग मी थेट कान्दिदोकडे गेले. निम्म्या घंटा त्याच्याच नावाने वाजतात. म्हटलं, मंगळवारी पिऊ नकोस रे बाबा. त्याने छातीवर क्रूस काढला, डोळ्यांत पाणी आणलं, म्हणाला, "आजी, तुमच्यासाठी बुधवारीही पिणार नाही." मला तेव्हाच धास्ती वाटली.

चेलीला म्हटलं, घंटा झाली तर काय करशील?

"माहीत नाही."

"गेलीस तर?"

"धडा मोडला. पदवी गेली."

"नाही गेलीस तर?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झोप आता, आजी." सूर्य अजून मावळायचा होता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सगळं सांगते. मला दम लागलाय, मधेमधे थांबेन.

मॅडम मागच्या बाकावर. धडा परवानगीचा. खिडकी उघडू का, पाणी घेऊ का, बसू का. फिदेन्सियाने खिडकी उघडायची परवानगी मागितली आणि मग उघडलीच नाही, तिला वारा सोसत नाही. मॅडमनी काहीतरी लिहिलं. चेलीच्या कपाळावर घाम.

आणि घंटा झाली.

आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडम तेवढ्या खिडकीकडे बघून हसल्या, त्यांना वाटलं चर्चची घंटा. चेली फळ्यापाशी, हातात खडू. तिने काठीकडे बघितलं. मॅडमकडे बघितलं. मग माझ्याकडे. तिचा पाय उचलला गेला, दाराकडे की कुठे, तिलाही कळलं नसावं.

मी उठले. हात वर केला.

"टीचर, मे आय गो आउट?"

फिदेन्सियाचं तोंड उघडं राहिलं. चेली नुसती बघत होती. अगं, मी विचारलंय, उत्तर दे! घंटा वाजतच होती. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं. "टीचर! मे आय गो आउट?"

चेलीचा आवाज चिरकला. "येस, तोमासा. यू मे."

नावाने हाक मारली मला. ते नंतर बघू. मी खिळ्यावरची काठी काढली आणि बाहेर पडले.

कचेरी शेजारी खरी, पण माझे गुडघे मला विचारून चालत नाहीत. ओसरीत पाऊल टाकलं आणि घंटेचा शेवटचा ठोका पडला. अबुंदिओ दोरी धरून उभा. भोवती चार-पाच थोरले.

"आजी, तुम्ही कशाला?"

"घरातून काठी यायला हवी ना? आली."

"तुम्ही सेवेतून मोकळ्या आहात. वय झालं तुमचं."

"मोकळी? मला बांधलं कधी होतंत?" माझा दम गेला होता, पण तोंड जाग्यावर होतं. "यादी काढ. सेवेरोचं नाव सगळ्या पदांपुढे आहे. माझं कुठे आहे? एका तरी ओळीत दाखव. दळण माझं होतं, पण तुम्ही ते लिहिलं नाही. ठीक आहे. म्हणजे माझी सेवा अजून सुरूच झालेली नाही. ज्याने केली त्याला सूट. मी कुठे केली? आता करते."

त्या म्हाताऱ्याने, ज्याने चेलीचं नाव घेतलं होतं, टोपी काढली, आत बघितली, पुन्हा घातली.

"काम काय आहे ते सांगा," मी म्हटलं. "का नुसती दोरी ओढून व्यायाम करतोय हा?"

काम म्हणजे कान्दिदो. रस्त्याच्या मधोमध आडवा, समोर शहराची बस भोंगा वाजवतेय. मी काठीने त्याच्या पोटाला टोचलं. "उठ रे. बाप्तिस्म्याला तुला पाण्यात मी धरलं होतं, अजून सुकला नाहीस का?"

त्याने एक डोळा उघडला. "आजी? आज मंगळवार आहे?"

"मंगळवारच आहे."

"मग मी चुकलो," असं म्हणून तो आपणहून उठला आणि माझ्यापुढे चालत कोठडीत जाऊन बसला. दार मी लावलं. कडी जड आहे, तेल घालायला हवं.

घरी आले तर मॅडम चुलीपाशी घेवडा खात होत्या. चेलीने विचारलं, "मॅडम विचारतात, आजी, तू कशासाठी बाहेर गेली होतीस?"

"लघवीला, सांग."

चेलीने ते सांगितलं नसणार. स्पॅनिशमध्ये बराच वेळ काहीतरी सांगत होती. मॅडमनी चमचा खाली ठेवला. मग कागद काढला, एक ओळ लिहिली आणि सही केली. चेली तो वाचून इतकी रडली की मला वाटलं, नापास झाली. मी काठी शोधायला लागले.

पास झालीय.

१५ फेब्रुवारी, रविवार

गावसभा. माझ्यावरूनच दुपार गेली. घरात काठी एक, हात दोघींचे, चालेल का? काही म्हणाले चालेल. काही म्हणाले, आज तोमासा आजी आली, उद्या सगळ्या म्हाताऱ्या येतील आणि आपली केलेली पदं मोजायला लावतील. फिदेन्सिया मागून ओरडली, "मोजाच!" तिला उद्या मिरच्या देते. मात्र वावडीचं मी विसरलेले नाही.

शेवटी काही ठरलं नाही. आमच्याकडे काही ठरलं नाही म्हणजे 'बघू' ठरतं. अबुंदिओने विषय गुंडाळला आणि पाण्याच्या टाकीवर गेला. मला काठी परत द्या असं कोणी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

परीक्षा झाली, शपथ सुटली, म्हणून चेलीने काल माझी बोलणी ऐकायला घेतली. पहिल्याच दिवसाचं ऐकून मोबाईल बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिली. मग जवळ येऊन माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं. काय बोलले होते मी? फिदेन्सियाच्या लिंबाच्या झाडाबद्दल? कोणी कधी मला नीट सांगेल तर शपथ.

आज ती शहरात गेली. प्रबंध पुरा करायचाय, शुक्रवारी येईन म्हणाली. उन्हाळ्यानंतर कुठे नोकरी मिळते ते मॅडम बघताहेत. इथल्या जवळपासचंही बघतील म्हणे. लांबचंही बघतील.

खांद्याला पिशवी लावून ती दारात उभी राहिली. बसचा भोंगा वाजला. ती जाईना. मी म्हटलं, "काय विसरलीस?"

तिने हात वर केला, अगदी वर्गातल्यासारखा. "टीचर, मे आय गो आउट?"

थट्टाच करत होती. पण हात खाली घेईना.

उत्तर मी एकदाच ऐकलंय, ते द्यायला मला येत नाही. मी प्रश्नच तेवढा शिकले. बाहेर बस उभी, माझ्या हातात काठी, आणि ही दारात. मला तिच्या आईचा हात आठवला, तो असा वर नव्हता, नुसता हलत होता. तिने काही विचारलंच नव्हतं.

मी चेलीला बराच वेळ उभं ठेवलं. विद्यार्थ्याला थोडं उभं ठेवलेलं बरं असतं. मग आपल्या बोलीत म्हटलं, "जा. जाताना कोंबड्यांचं दार लावून जा."